पुलापलीकडचा बुधवारचा तास

ड्रमकॅरन सरकारी माध्यमिक शाळा
११ ऑक्टोबर १९८८

माननीय सिस्टर अट्रॅक्टा,
मुख्याध्यापिका, कॉन्व्हेंट शाळा

आपली आणि माझी ओळख नाही. अकरा वर्षं आपण दोघं एकाच गावात मुख्याध्यापक आहोत, मध्ये फक्त एक पूल आहे, तरी हे माझं आपल्याला पहिलंच पत्र. तेही तक्रारीचं, याबद्दल दिलगीर आहे.

काल दुपारच्या डोंगराकडच्या बसमध्ये आपल्या एका विद्यार्थिनीनं माझ्या ग्लेन हॅलिडे या विद्यार्थ्याचा टाय कात्रीनं कापला. टायचा वरचा अर्धा भाग माझ्या टेबलावर आहे. मुलगी कोण ते ग्लेन सांगत नाही. "लाल केसांची" एवढंच म्हणतो. त्या बसमधल्या निम्म्या मुली लाल केसांच्या आहेत.

ग्लेनचे वडील आमच्या शाळेच्या मंडळावर आहेत आणि त्यांचा आवाज मोठा आहे. आपण चौकशी करून कळवावं, ही विनंती.

आपला नम्र,
वेस्ली गिलफिलन


कॉन्व्हेंट शाळा, ड्रमकॅरन
१३ ऑक्टोबर १९८८

माननीय श्री. गिलफिलन,

टायचा खालचा अर्धा भाग माझ्या टेबलावर आहे. कापणारी मुलगी डिम्प्ना मॅकार्डल. ती आपणहून आली, टाय ठेवला आणि म्हणाली, "सिस्टर, मी केलं. पण आधीचंही विचारा." म्हणून मी आधीचंही विचारलं.

गेल्या गुरुवारी आमच्या मुलींच्या खेळाच्या तीन काठ्या आपल्या मुलांनी बसच्या खिडकीतून दलदलीत फेकल्या. त्याच्या आधी आमच्या मुलींनी आपल्या मुलांच्या राणीबद्दल एक गाणं म्हटलं होतं. त्याच्या आधी आपल्या मुलांनी आमच्या पोपबद्दल. त्याच्या आधीचं मी विचारलं नाही. तसं मागे जात राहिलो तर आपण दोघं तीनशे वर्षं मागे, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांच्या जुन्या लढाईपाशी पोचू आणि टाय तसाच राहील.

सोमवारी ड्रायव्हर ह्यूईनं दलदलीच्या रस्त्यावर बस थांबवली, चहाचा थर्मास घेतला आणि बाहेर दगडी कठड्यावर जाऊन बसला. आतली सगळी गप्प होईपर्यंत गाडी हलणार नाही म्हणाला. चाळीस मिनिटं लागली. डिम्प्ना सांगत होती, "पंचवीस मिनिटं आम्ही ओरडलो, मग दमलो, मग थंडी वाजायला लागली."

टायचे पैसे मुलगी देईल. काठ्यांचं काय ते आपण पाहावं.

आपली,
सिस्टर अट्रॅक्टा

ता. क. फोन न करता आपण पत्र लिहिलंत, बरं केलंत. आमचा फोन जिन्याखाली आहे आणि जिन्यावर कायम कोणीतरी असतं.


२१ ऑक्टोबर १९८८

माननीय सिस्टर अट्रॅक्टा,

काठ्या मिळाल्या. फेकणाऱ्या तिन्ही मुलांनी गुडघाभर चिखलात उतरून शोधल्या. सोबत पाठवत आहे, धुवून.

आता मोठा प्रश्न. बस कार्यालयाचं पत्र आपल्यालाही आलं असेल. पुढच्या महिन्यापासून दोन्ही शाळांच्या मुलांना एका गाडीत नेणार नाहीत आणि दुसरी गाडी त्यांच्याकडे नाही. एकतीस मुलं बारा मैलांवरून येतात. निम्म्यांची शाळा सुटेल, आपलीही आणि माझीही.

मी एक सुचवतो. कार्यालयाला आपण दोघांनी मिळून लिहावं की नाताळापर्यंत आम्हाला मुदत द्या. आणि तोवर आपण दोघांनी त्या बसमधून रोज प्रवास करावा, सकाळी आणि दुपारी. आपल्याला हे जमण्यासारखं नसेल, तर मी एकटा जाईन.

आपला,
वे. गिलफिलन


१४ नोव्हेंबर १९८८

श्री. गिलफिलन,

तीन आठवडे एका बाकावर बसल्यावर "आपण, आपल्याला" लिहायला मला अवघड जातं. यापुढे "तुम्ही" लिहिते. तुम्हाला चालत नसेल तर सांगा, पुन्हा वर चढेन.

आपल्या दोघांच्या बसण्यानं मुलं गप्प झाली आहेत हे खरं, पण ती दातात जीभ धरून बसली आहेत. आपण उतरलो की पुन्हा सुरू होईल. दोन म्हाताऱ्यांना घाबरून पाळलेली शांतता किती टिकणार? मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि त्या बसला स्प्रिंगा नाहीत.

पण शुक्रवारी तुम्ही जे सहज बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. वरच्या वर्गात भौतिकशास्त्राला तुमच्याकडे तीनच मुलं आहेत आणि तीन मुलांसाठी वर्ग चालवता येणार नाही, असं वरून कळवलंय. मिस क्रोझियरसारखी शिक्षिका आहे, प्रयोगशाळा आहे, मुलं नाहीत. माझ्याकडे सात मुली आहेत. त्यांना भौतिकशास्त्र हवंय, विद्यापीठात जायचंय, आणि माझ्याकडे ना शिक्षिका ना प्रयोगशाळा. आमचे जुने सर निवृत्त होऊन कॉर्कला गेले, तेव्हापासून त्या कपाटात आम्ही जॅमच्या बाटल्या ठेवतो.

तीन आणि सात दहा होतात. हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही गणिताचे.

सिस्टर अट्रॅक्टा


२ डिसेंबर १९८८

प्रिय सिस्टर,

"तुम्ही" चालेल. आमच्या घरीही तेच म्हणतात.

काल मंडळाची बैठक झाली. दर बुधवारी दुपारभर तुमच्या सात मुली आमच्या प्रयोगशाळेत येतील, वर्ग एक, शिक्षिका एक, असा प्रस्ताव मांडला. सॅमी हॅलिडे उठले. तुम्ही त्यांचं दुकान पाहिलं असेल, चौकातलं, मटणाचं. जुलैच्या प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकीत पुढे निशाण धरतात तेच.

"मास्तर," ते म्हणाले, "आज सात मुली येतील, उद्या त्यांच्यामागे पाद्री येईल, परवा भिंतीवर क्रूस लागेल. माझ्या आजोबांनी या शाळेची पहिली वीट ठेवली ती काय याच्यासाठी?"

मी म्हटलं, "मिस्टर हॅलिडे, वर्ग बंद झाला तर तुमचा ग्लेन इंजिनियर कसा होणार?"

ते खाली बसले. मग बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

मतदानाच्या वेळी आठांपैकी चार हात बाजूनं वर झाले. विरोधाचे हात मोजायच्या आधी हॅलिडे म्हणाले, "एक मिनिट, व्हॅनला कुलूप लावलंय का बघून येतो," आणि बाहेर गेले. विरोधात तीन हात निघाले. प्रस्ताव मंजूर झाला. ते आत आले आणि त्यांनी विचारलं, "झालं का?"

व्हॅनला कुलूप होतं. मी जाताना पाहिलं.

तुमचा,
वेस्ली गिलफिलन


९ जानेवारी १९८९

प्रिय श्री. गिलफिलन,

बस कार्यालयानं गाडी पुढेही एकच ठेवली, ते बरं झालं. आता आमच्याकडचं सांगते. फादरांनी एकाच अटीवर होकार दिला की मुलींबरोबर एक सिस्टर असावी. ती मीच. सहा घरांतून हो आलं. सातवं घर मॅकार्डलांचं.

डिम्प्नाच्या वडिलांना चौदा वर्षांपूर्वी तुमच्या बाजूच्या रेल्वे यार्डाजवळ गोळी घालून मारलं. कामावरून परत येत होते. कोणी घातली ते कधी कळलं नाही. डिम्प्ना तेव्हा दोन वर्षांची होती. टाय कापण्याइतका तिचा राग कुठून येतो हे मला माहीत होतं, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तेव्हा तुम्ही "माननीय" होता.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. मिसेस मॅकार्डल ब्रेडचं पीठ मळत होत्या, त्या थांबल्या नाहीत.

"सिस्टर, तुम्ही तिची जबाबदारी घेता?"

"नाही घेत," मी म्हटलं. "माझ्या हातात तेवढं नाही. मी तिच्याबरोबर चालत जाईन आणि चालत येईन, एवढं घेते."

"आणि ते भौतिकशास्त्र नसलं तर काय बिघडतं? मी नाही शिकले."

दारातून डिम्प्ना म्हणाली, "मॅमी, मला ते येतं. मला दुसरं काही इतकं येत नाही."

मिसेस मॅकार्डलनी पिठाचा गोळा उलटा केला, सुरीनं त्यावर रेघा ओढल्या, भट्टीत ठेवला, हात धुतले. मग म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण कसं झालं ते सांगायला तुम्ही येऊ नका. तीच येऊन सांगेल."

बुधवारी एक वाजता निघतो.

सिस्टर अट्रॅक्टा


२३ फेब्रुवारी १९८९

प्रिय सिस्टर,

सात बुधवार झाले, म्हणून थोडं मोकळेपणानं लिहितो. पहिल्या दिवशी तुम्ही सात मुलींना घेऊन पुलावरून येताना मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. दुकानदार दारात येऊन उभे होते. तुम्ही मात्र प्रत्येकाला "शुभ दुपार, हवा छान आहे" म्हणत होता आणि पाऊस धो धो पडत होता.

त्याच दिवशी सकाळी आमच्या फाटकावर कोणीतरी रंगानं लिहिलं होतं. मी पुसलं. काय लिहिलं होतं ते विचारू नका, स्पेलिंगही चूक होतं.

मिस क्रोझियरची एक तक्रार आहे. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न मागच्या बाकावरून येतात आणि मागच्या बाकावर तुम्ही बसता. त्यांना वाटलं होतं तुम्ही विणकाम घेऊन बसाल. परवा म्हणे जड आणि हलका गोळा एकदमच खाली पडतो हे तुम्ही मान्यच करत नव्हता.

आणखी एक. ह्यूई भेटला. म्हणाला, बसमध्ये पुन्हा आरडाओरडा सुरू झालाय. मी लगेच नावं विचारली. मग म्हणाला, "मास्तर, तो हॅलिडेचा आणि ती लाल केसांची, दोघं चौथ्या गणिताच्या उत्तरावरून भांडत होती. बाकीची दोन बाजूंना वाटली गेली. पण बाजू वेगळ्याच होत्या हो. तुमच्या शाळेतली चार त्या पोरीच्या बाजूला."

उत्तर डिम्प्नाचं बरोबर होतं. मी सोडवून पाहिलं.

तुमचा,
वेस्ली गिलफिलन


५ मे १९८९

प्रिय श्री. गिलफिलन,

गोळ्यांबद्दल: मान्य. जिन्यावरून दोन बटाटे टाकून पाहिले. आमच्या सिस्टर बेनिग्नसच्या अंगावरून गेले, पण एकदमच गेले. मिस क्रोझियरना सांगा.

शनिवारी, वीस तारखेला दुपारी तीनला आमच्या सभागृहात वर्गाच्या दहाही मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना चहाला बोलावते आहे. मुली केक करतील. तुम्ही चार शब्द बोला. तुमच्याकडचे पालक येणार नाहीत याची मला कल्पना आहे. पण तुम्ही आलात तर निदान एक खुर्ची त्या बाजूची भरेल. नक्की म्हणा.

सिस्टर अट्रॅक्टा


२२ मे १९८९

श्री. गिलफिलन,

तुम्ही नक्की म्हणाला होतात.

तिन्ही मुलं आली, मिस क्रोझियर आल्या. मिसेस मॅकार्डलसुद्धा आल्या. सगळ्यांत मागे, कोट न काढता बसल्या. पुढे तुमची खुर्ची होती, तिच्याकडे बघत सगळ्यांनी चहा प्यायला. साडेचारला मीच चार शब्द बोलले.

तुमच्यावर दडपण येतं हे मी समजू शकते. मंडळ आहे, चर्च आहे, हॅलिडे आहेत. पण कळवायला हवं होतं. ग्लेन हॅलिडे सोळा वर्षांचा आहे, तो वडिलांच्या समोरून निघून कॉन्व्हेंटमध्ये आला. तुम्ही पंचावन्न वर्षांचे.

सिस्टर अट्रॅक्टा


२३ मे १९८९

प्रिय सिस्टर,

कामात अडकलो होतो. कळवता आलं नाही. क्षमा असावी. बुधवारचा तास नेहमीप्रमाणे होईल.

वे. गि.


२५ मे १९८९

प्रिय वेस्ली,

आज ह्यूईकडून कळलं.

शनिवारी दुपारी तुमच्या घराच्या पुढच्या सगळ्या काचा फोडल्या आणि दाराच्या फटीतून पाकिटात घालून बंदुकीची गोळी टाकली. तुमच्या पत्नीच्या, ईनाच्या हाताला काच लागली, अकरा टाके पडले. तीन वाजता तुम्ही हॉस्पिटलात होता. आणि मला लिहिलंत "कामात अडकलो होतो."

मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही, कागदावर आहे. ते फाडून टाका. नसेल फाडायचं तर ठेवा, मला माझ्या चुकीची आठवण राहील. मुलींना मी सांगितलं नाही, पण त्यांना माझ्या आधी माहीत होतं. आज वर्गात डिम्प्नानं विचारलं, "सिस्टर, आमच्यामुळे झालं का?" मी म्हटलं, "ज्यांनी दगड मारले त्यांच्यामुळे झालं."

तुम्ही म्हणालात तर तास बंद करू. मी मुलींना समजावेन. हे तुमच्या घराचं आहे, ठरवायचं ईनानं आणि तुम्ही.

ईनासाठी आमच्या कपाटातल्या जॅमच्या चार बाटल्या ह्यूईबरोबर पाठवते आहे.

अट्रॅक्टा


२८ मे १९८९

प्रिय सिस्टर अट्रॅक्टा,

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तास बंद करायचं म्हणाला असता. म्हणून नाही सांगितलं. बघा, म्हणालातच.

ईनाला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना लिहा, काचा बसवून झाल्यात. आता तास बंद केला तर त्या कशाला बसवल्या?" तिचा उजवा हात बांधलेला आहे म्हणून मी लिहितो आहे, नाहीतर तिनंच लिहिलं असतं, आणि जास्त चांगलं.

काचा कोणी बसवल्या ते ऐका. गेल्या रविवारी चर्चहून आलो तर हॅलिडे शिडीवर. तोंडात खिळे. म्हणाले, "मास्तर, मी तुमच्या वर्गाच्या विरोधात आहे, हे लक्षात असू द्या."

मी म्हटलं, "लक्षात आहे."

"हां. पण बाईमाणसाच्या हाताला काच? ते मला चालत नाही. धरा जरा ही."

मी काच धरली.

जॅम उत्तम आहे.

वेस्ली


१६ मे १९९०

प्रिय सिस्टर,

वर्षभरात आपण बुधवारी भेटत आलो, त्यामुळे पत्रं कमी झाली. पण कालचा दिवस माझ्या बाजूनं कसा गेला ते कागदावर असायला हवं. तुमच्या बाजूचं तुम्ही लिहा.

सकाळी आठला पुलावर एक बेवारशी मोटार सापडली. सव्वाआठला बॉम्बच्या संशयानं सैनिकांनी पूल बंद केला. साडेनऊला प्रात्यक्षिक परीक्षा. तीन मुलं, मिस क्रोझियर आणि प्रयोगाच्या सामानाचे अकरा संच माझ्याकडे, सात मुली तुमच्याकडे. मी परीक्षा मंडळाला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, दहाच्या आत सुरू झाली नाही तर थेट शरद ऋतूत. म्हणजे या वर्षीच्या विद्यापीठाच्या जागा गेल्या. खोली कुठलीही चालेल, पण सगळे उमेदवार एकत्र हवेत.

वरचा पूल नऊ मैलांच्या फेऱ्यानं. माझ्या गाडीत दोन संच मावतात.

हॅलिडे शाळेच्या स्वयंपाकघरात मटण द्यायला आले होते. त्यांनी ऐकलं. मुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कुठे न्यायचंय म्हणालात?"

"कॉन्व्हेंटमध्ये."

घड्याळात आठ बेचाळीस झाले होते.

"व्हॅन रिकामी करायला दहा मिनिटं जातील," ते म्हणाले. "सॉसेजसकट चालत असेल तर भरा."

भरलं. मिस क्रोझियर पुढे, मांडीवर विजेचा मापक. मुलं मागे, टांगलेल्या अर्ध्या डुकरांच्या मध्ये, प्रत्येकाच्या हातात काचेचं सामान. मी मागून माझ्या गाडीत होतो, पण त्यांना गाठू शकलो नाही. सॅमी हॅलिडे इतक्या जोरात गाडी हाकतात हे मला ठाऊक नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. उमेदवार दहा. संच अकरा का, असं मिस क्रोझियरना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग मी यादी पाहिली. अकरावं नाव "मीहन, अट्रॅक्टा". हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत.

वेस्ली


१९ मे १९९०

प्रिय वेस्ली,

लपवलं, कारण नापास झाले असते तर कोणाला कळायला नको होतं. आता कळेलच.

माझ्या बाजूचं. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी व्हॅन मागे मागे येत दाराला पाठ लावून उभी राहिली. बाजूला तीन फुटी गुलाबी डुक्कर रंगवलेलं. सिस्टर बेनिग्नस म्हणाली, "आज मटणाचा वार नाही." मागचं दार उघडलं तर आतून तुमचा ग्लेन उतरला, हातात भिंग, खांद्यावर चरबी. मुली धावल्या. डिम्प्नानं त्याच्या हातातलं भिंग घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या अंगाला नाश्त्याचा वास येतोय." दोघांनी मिळून खोकी उचलली.

मिस्टर हॅलिडे खोकी आणून उंबरठ्यावर ठेवत होते. उंबरठ्याच्या आत पाय नाही. मग तो मोठा विजेचा संच आला, तो मुलांना उचलेना. ते उभे राहिले. टोपी काढली. आणि संच घेऊन थेट सभागृहात गेले, उजवीकडे डावीकडे न बघता, जसं काही दोन्हीकडे कडा आहे.

परत येताना मला गाठलं. "सिस्टर, मी आत आलो होतो हे कोणाला सांगू नका."

"मिस्टर हॅलिडे," मी म्हटलं, "ते डुक्कर गावात सगळ्यांना ओळखू येतं, आणि ते आमच्या दारात उभं आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग चहा आहे का?"

नऊ पन्नासला परीक्षा सुरू झाली. पुढचं मला माहीत नाही, कारण मी आत होते आणि माझा लंबक थांबायला तयार नव्हता. बाहेर आले तर मिस्टर हॅलिडे आमच्या स्वयंपाकघरात बाह्या सरसावून सगळ्या सुऱ्यांना धार लावत होते. आयुष्यात इतक्या बोथट सुऱ्या पाहिल्या नाहीत म्हणाले. सिस्टर बेनिग्नस त्यांना सांगत होती की मग हिशेबानं वर्षातून दोनदा यावं लागेल. ते नाही म्हणाले नाहीत.

त्या मोटारीत काय निघालं ते कळलं ना? भिंतीला लावायच्या कागदाच्या सहा गुंडाळ्या आणि एक शिडी. पेट्रोल संपलं म्हणून मालक सोडून गेला होता.

अट्रॅक्टा


१७ ऑगस्ट १९९०

प्रिय अट्रॅक्टा,

तुम्ही गॉलवेला समुद्रावर विश्रांती घेत आहात, म्हणून निकाल पत्रानं कळवतो.

दहाच्या दहा पास. डिम्प्नाला सर्वांत वरची श्रेणी, ग्लेनला तिच्या खालची. दोघांना बेलफास्टला विद्यापीठात जागा मिळाली, इंजिनियरिंगला, एकाच वर्गात. ग्लेन म्हणतो तो तिच्यापासून लांब बसणार आहे. डिम्प्ना म्हणते त्याला तिची वही लागेल, तो कसला लांब बसतोय.

अकराव्या उमेदवाराला "ई". म्हणजे पास, पण काठावर. मिस क्रोझियर म्हणतात सहाव्या प्रश्नात तुम्ही उत्तर न लिहिता प्रश्न कसा चुकीचा आहे ते दीड पान लिहिलंत. अभिनंदन. ईना म्हणते चौसष्टाव्या वर्षी "ई" म्हणजे सोळाव्या वर्षाचा "ए".

पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुमच्याकडून बारा अर्ज आले आहेत, आमच्याकडून नऊ. मंडळाच्या बैठकीत कोणी बाहेर गेलं नाही.

पण मला लिहायचंय ते काल हॅलिडेंच्या दुकानात पाहिलेलं. मी रांगेत होतो, सॉसेजसाठी. पुढे दोन बायका. दाराची घंटी वाजली आणि मिसेस मॅकार्डल आत आल्या. तोच कोट. मी हॅट काढली, त्यांनी मान हलवली. त्या चौकात त्यांना पंधरा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. रेल्वे यार्ड तिथून दिसतं.

पुढच्या दोघींनी आपणहून त्यांना वाट दिली. मीही दिली.

हॅलिडेंनी हात पुसले. "काय देऊ?"

"चार चॉप्स द्या. मुलीला विद्यापीठात जागा मिळाली."

"ऐकलं. आमच्या पोराला पण."

"ऐकलं मी."

ते कापायला लागले. एकेक वार ऐकू येत होता.

"चरबी काढू?"

"थोडी राहू द्या. नाहीतर कोरडे होतात."

"बरोबर. लोकांना कळत नाही ते."

त्यांनी कागदात बांधले. मिसेस मॅकार्डल बघत होत्या. "पाच आहेत ते. मी चार म्हटलं होतं."

"पाचवा तुम्हाला नाही, मुलीला आहे. अभ्यास केलाय तिनं."

मिसेस मॅकार्डलनी पुडक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं त्या परत ठेवतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "सांगते तिला." पैसे मोजून ठेवले, चारांचे, आणि गेल्या. खिडकीतून दिसल्या, यार्डाच्या बाजूनं न वळता, सरळ पुलाकडे, हळूहळू.

रांगेत पुढे जी होती, गावाबाहेरची असावी, तिनं विचारलं, "कोण हो त्या?"

हॅलिडे लाकडी ओंडका पुसत होते.

"गिऱ्हाईक आहे आमचं," ते म्हणाले.

तुमचा,
वेस्ली